देवमाशाचा उच्छ्वास

आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, स्क्याउल्वान्दी उपसागराच्या काठी, हुसाविक नावाचे लहानसे बंदर आहे. उन्हाळ्यात तेथून देवमासे पाहण्यासाठी नौका निघतात. एवढ्या विस्तीर्ण जलाशयात ते सापडतात तरी कसे?

देवमासा नावाने मासा असला, तरी तो सस्तन प्राणी होय. त्यास कल्ले नसून फुप्फुसे असतात. म्हणून श्वासासाठी त्याला पृष्ठभागावर यावेच लागते. वर येताच तो उच्छ्वास जोराने सोडतो. थंड हवेत त्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि दुरून पांढरा फवारा दिसतो.

फवाऱ्यावरून जातही ओळखता येते. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, सुमारे ९ मीटर उंच जातो. हंपबॅक देवमाशाचा ठेंगणा व झुडपासारखा असतो. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन मात्र त्यांच्या उड्यांवरून ध्यानात येतात.

खोल बुडी मारताना हंपबॅक शेपटी वर उचलतो. तिच्या खालच्या बाजूवरील काळ्या-पांढऱ्या खुणा प्रत्येकाच्या निराळ्या असतात. छायाचित्रांतील या खुणांवरून संशोधक एकेक प्राणी वर्षानुवर्षे ओळखू शकतात.

पूर्वी हाच फवारा पाहून शिकारी भाला फेकीत. १९८६ साली व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली. तरी आइसलंडने २००६ साली ती शिकार पुन्हा आरंभिली. श्वास घेतल्यावाचून देवमाशास गत्यंतर नाही, आणि श्वास घेताना त्यास लपता येत नाही. म्हणून नौकेने वेग कमी करून दूर थांबावे, हाच पाहणाऱ्याचा पहिला धर्म होय.