झाशी ते ग्वाल्हेर : प्रकाशाचा प्रवास

झाशी ते ग्वाल्हेर हे रेल्वेमार्गाचे अंतर सुमारे 100 किलोमीटर. रेल्वेमार्गालगत प्रकाशीय तंतूंचे जाळे विणण्यासाठी 2000 मध्ये रेलटेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली. एवढ्या लांबीच्या तंतूतून 1550 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडल्यास पलीकडे जेमतेम 1 टक्का पोहोचतो. पूर्वी अशा क्षीण संदेशाचे विजेत रूपांतर करून तो पुन्हा प्रकाशरूपाने पाठवीत. प्रत्येक तरंगलांबीसाठी स्वतंत्र यंत्रणा लागे व वीजही खर्ची पडे. 1987 मध्ये अर्बियमयुक्त तंतूचा विवर्धक सिद्ध झाला. तो अनेक तरंगलांबींचे संदेश एकाच वेळी, प्रकाशरूपातच बलवान करतो. मात्र त्यासोबत गोंगाटही वाढतो. म्हणून अतिदीर्घ मार्गावर संदेशाची पुनर्निर्मिती करावीच लागते. खात्यातील नोंद क्षणार्धात दूरच्या केंद्री पोहोचते, त्यामागे विजेचा हा काटकसरी हिशेबही असतो.