खोट्या पायांचा घोडा

तंजावरच्या दक्षिणेस, पट्टुक्कोट्टैच्या वाटेवर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) येथे मुक्तांबाळच्या नावाने छत्र बांधले. या मुलखात मराठ्यांबरोबर आले असे परंपरा सांगते ते नृत्य म्हणजे ‘पोय्क्काल् कुदिरै’. तमिळमध्ये ‘पोय्’ म्हणजे खोटे, ‘काल्’ म्हणजे पाय आणि ‘कुदिरै’ म्हणजे घोडा. नर्तक कमरेभोवती पोकळ घोडा अडकवितो, पायांना लाकडी पाय बांधतो आणि पाहणाऱ्यास तो घोड्यावर बसल्याचा भास होतो. गोव्याच्या घोडेमोडणीतही कमरेला घोडा असतो. परंतु तेथील नर्तकाचे पाय जमिनीवरच असतात. हा भेद किरकोळ वाटेल, पण घोडा घडविणाऱ्याच्या बहुतेक अडचणी त्यातूनच उद्भवतात.

असा घोडा घरच्या अंगणात करावयाचा झाल्यास प्रथम बांबूचा विचार करावा लागतो. ओल्या बांबूच्या कामट्या सहज वाकतात म्हणून नवशिका त्याच घेतो. वाळताना त्या आक्रसतात आणि काथ्याची घट्ट बांधलेली दोरी सैल पडते. म्हणून बांबू वाळलेला घ्यावा, कामटी आचेवर धरून सावकाश वाकवावी आणि तिची सालीची बाजू वळणाच्या बाहेर ठेवावी. ताण सोसण्याचे बळ सालीतच अधिक असते.

सांगाड्यावर कागदाचे थर चढतात. त्यासाठी मैद्याची किंवा चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवितात व कीड लागू नये म्हणून तीत थोडे मोरचूद घालतात. (मोरचूद विषारी आहे, ते भांडे पुन्हा स्वयंपाकास वापरू नये.) ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथे ईशान्य मोसमी पावसाचा काळ. अशा हवेत एका दिवसात चार थर देण्याची घाई केली, तर वरचा कागद वाळतो, आतला ओलाच राहतो आणि काही दिवसांनी बुरशीचा वास येऊन पापुद्रा सुटू लागतो. त्यावर आणखी कागद चिकटविणे व्यर्थ होय. फुगलेला भाग कापून काढावा, आतील पोकळी पूर्ण वाळू द्यावी आणि मग कागदाचे हाताने फाडलेले तुकडे लावावेत. फाडलेल्या कडेचे तंतू खालच्या थरात मिसळतात, कात्रीने कापलेली कड मात्र तशीच उठून दिसते. शिवाय वाळताना कागद आक्रसतो व सांगाड्यास आपल्याकडे ओढतो. यासाठी दोन्ही कुशींवर आलटून पालटून थर द्यावेत.

तथापि खरी परीक्षा तोलाची असते. मान व डोके पुढे असल्यामुळे तयार घोडा नाक खाली घालतो. शेपटीत दगड बांधण्याचा उपाय चटकन सुचतो आणि घोडा उभ्या उभ्या समतोल दिसतोही. पण नर्तक गिरकी घेऊ लागला, की दूरच्या टोकाला असलेला हा भार सुरुवातीस वळत नाही आणि वळल्यावर थांबत नाही. जमिनीवरचा माणूस पाऊल सरकवून सावरेल. लाकडी पायांवरचा मनुष्य पडेल, आणि सांगाडा कमरेस असल्यामुळे त्याला हात टेकण्यासही सवड मिळणार नाही. तेव्हा भार वाढवावयाचा नाही, घटवावयाचा आहे. डोक्याच्या आतील जादा कागद खरवडून काढावा आणि खांद्यांवरून येणारे पट्टे थोडे पुढे बांधावेत. शहाणा कारागीर ही चाचणी कागद लावण्यापूर्वीही घेतो: सांगाडा पट्ट्यांच्या जागी दोरीने टांगावयाचा व नाक कोणीकडे कलते ते पाहावयाचे.

लाकडी पायाला तडा गेला, तर तो सरसाने बुजवून चालत नाही. पाय नवाच करावा लागतो. बांधणीस बारीक दोरीऐवजी रुंद सुती पट्टी घ्यावी, कारण दोरी पोटरीत रुतते व नर्तक ती नकळत सैल सोडतो. सराव आधी नुसत्या पायांवर, मग उघड्या सांगाड्यासह व्हावा.

रंग आणि आरशांचे तुकडे सर्वांत शेवटी. आरशांनाही वजन असते. ते खोगिराजवळ अधिक व मुखावर मोजकेच लावतात.