किरण दिलेले अन्न : लाभ किती, भीती किती?

पावसाळ्यात चाळीतल्या कांद्याला कोंब फुटतात आणि साठवलेल्या तुरीला, मुगाला भुंगेरे लागतात. बिदर-भालकीच्या कोणत्या शेतकऱ्याला हे नुकसान ठाऊक नाही? यावरचा एक उपाय म्हणजे मालाला गॅमा किरण देणे. जुलै २०२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात अशी ५० केंद्रे उभारण्यास साह्य जाहीर झाले. उद्या एखादे केंद्र आपल्या भागातही येईल. म्हणून त्याचे गुणदोष आजच समजून घेऊ या.

नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली असे केंद्र सुरू केले. जाड काँक्रीटच्या खोलीत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू असतो. माल पेट्यांत भरून त्याच्यासमोरून फिरवतात. धातूचा मालाला स्पर्श होत नाही. किरण तेवढे आरपार जातात. छातीचा एक्स-रे काढल्याने माणूस किरणोत्सर्गी होत नाही, तसेच अन्नही होत नाही.

लाभ : थोड्या मात्रेने कांदा-बटाट्याचे कोंब थांबतात. त्याहून अधिक मात्रेने डाळींतले किडे, दाण्याच्या आतली अंडीसुद्धा, निकामी होतात आणि औषधाचा अंश मागे राहत नाही. लासलगावला ही प्रक्रिया झाल्यामुळेच २००७ साली हापूस आंबा अमेरिकेस जाऊ शकला.

शंका : १९७५ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी लिहिले, की नुकताच किरण दिलेला गहू खाणाऱ्या कुपोषित मुलांच्या रक्तपेशींत दोष दिसले. मुले मोजकीच होती. पुढे तज्ज्ञांनी ती माहिती तपासली आणि तो निष्कर्ष टिकत नाही असे ठरवले. १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या तज्ज्ञांनी १० किलोग्रे मात्रेपर्यंतचे अन्न निर्धोक ठरवले. मात्रा वाढली तर काही जीवनसत्त्वे, विशेषतः ब-१, थोडी घटतात. शिजवतानाही ती घटतातच.

खरा धोका ताटात नाही, त्या खोलीत आहे. १९८९ साली एल साल्वाडोर देशात वैद्यकीय सामान निर्जंतुक करणाऱ्या अशाच कारखान्यात कोबाल्टची चौकट अडकली. ती सोडवायला तीन कामगार आत गेले. त्यांपैकी एक पुढे दगावला. म्हणून गावाजवळ केंद्र येणार असेल तर विचारावे : अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का? कामगारांना शिक्षण दिले आहे का? दाराची सुरक्षा-कुलुपे कोण तपासतो?

शेतकऱ्याने ध्यानात ठेवावे :

१. बियाणाला किरण देऊ नयेत, उगवण बिघडते.

२. सडका कांदा किरणांनी सुधारत नाही. आधी नीट सुकवावा, निवडावा.

३. बुरशीचे विष किंवा फवारणीचा अंश किरणांनी जात नाही.

४. पोते उघडे राहिले तर किडे पुन्हा शिरतात.

५. वाहतूक आणि प्रक्रिया यांचा खर्च वजा जाता हाती काय उरते, याचा हिशेब आधी मांडावा.

विकत घेणाऱ्यांनी पाकिटावरची हिरवी वर्तुळाकार खूण व प्रक्रियेची तारीख पाहावी. घ्यावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क आपलाच आहे. मात्र तो ऐकीव भीतीने नव्हे, माहितीने वापरू या.