गॅसची टाकी : विकत घ्यावी, की अनामत भरून आणावी?



आपल्या कार्यक्षेत्रात आता चूल पूर्ण विझली नसली तरी गॅसची शेगडी नाही असे घर विरळाच. गावठाणात आहे, मळ्यातल्या वस्तीवर आहे. परंतु घरात असलेली ही लाल टाकी नेमकी कोणाची, असे विचारले तर दहातले आठजण छातीला हात लावून सांगतात, "आमची. पैसे भरून आणलीया." आणि इथेच घोटाळा होतो. भावाभावांच्या वाटणीत टाकी मोजली जाते, पोरगा पुण्याला गेला की त्याच्यासोबत दिली जाते, कोणी ती पाहुण्याला विकूनही टाकतो. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर घेतला आहे.

पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. इंडेन, भारत किंवा एचपी यांच्या एजन्सीतून घरगुती जोडणी घेताना आपण जे पैसे भरतो ती टाकीची किंमत नव्हे. ती अनामत. टाकी कंपनीच्या मालकीची होती आणि मालकीचीच राहते. आपल्याला ती फक्त वापरायला मिळते. जून २०२२ मध्ये या अनामतीचे दर वाढले. १४.२ किलोच्या टाकीला १,४५० चे २,२०० रुपये झाले, ५ किलोच्या टाकीला ८०० चे १,१५० आणि रेग्युलेटरला १५० चे २५०. जोडणी घ्यायला जाल तेव्हा त्या दिवशीचा दर एजन्सीत विचारावाच, पण हिशेब समजण्यापुरते आपण हेच आकडे धरू.

ऊसबिलातून कापलेली परतीची ठेव आणि बिनपरतीची ठेव हे शब्द जुन्या सभासदांना समजावून सांगायला नकोत. गॅसची अनामत ही परतीची ठेव. मात्र तिला व्याज नाही, आणि परत मिळते ती जेवढी भरली तेवढीच. वडिलांनी पूर्वी ९०० रुपये भरून टाकी आणली असेल तर कागदावर ९०० च आहेत, आणि आज टाकी जमा केली तर ९०० च हातात पडतील. आजच्या दराने २,२०० मिळणार नाहीत. काही मंडळी यावरून एजन्सीशी हुज्जत घालतात. हुज्जत घालण्यात अर्थ नाही, व्हाउचरवर जो आकडा तोच खरा.

आता मग हे भाडे म्हणायचे का? आमच्या मते म्हणायचे. फक्त दर महिन्याला मागायला कोणी दारात येत नाही एवढेच. म्हणजे बघा, टाकीचे २,२०० आणि रेग्युलेटरचे २५० मिळून २,४५० रुपये अडकले. तेच पैसे कुठे शेकडा ७ ने ठेवले असते तर वर्षाला १७१ रुपये व्याज आले असते. महिन्याला साधारण १४ रुपये झाले. हे टाकीचे खरे भाडे. पाच किलोच्या टाकीचे याच हिशेबाने महिन्याला आठ रुपये पडते. या आठ किंवा चौदा रुपयांत आपल्याला काय मिळते ते पुढे येईलच.

विकत मिळणारी टाकी आहे का? आहे. तेल कंपन्यांनी २०१३ पासून ५ किलोची टाकी खुल्या विक्रीला काढली. इंडेनची 'छोटू' आणि एचपीची 'अप्पू' या नावांनी ती ओळखली जाते. पेट्रोल पंपावर, काही किराणा दुकानांत आणि एजन्सीत मिळते. ओळखपत्र दाखवायचे, टाकीचे आणि गॅसचे पैसे मोजायचे आणि घेऊन जायचे. पत्त्याचा दाखला लागत नाही. नको झाली तर ठरावीक रकमेला परत घेतात, पण घेतल्या किमतीएवढे पैसे काही मिळत नाहीत.

म्हणजे पाच किलोची टाकी दोन वाटांनी येते, आणि बाहेरून दोघी बहिणी-बहिणी दिसतात. एक अनामतीवर, घरगुती दराने भरून मिळणारी. दुसरी विकत, खुल्या दराने भरून मिळणारी. फरक टाकीत नाही, आतल्या गॅसच्या दरात आहे. घरगुती गॅसला जीएसटी शेकडा ५ आहे. खुल्या विक्रीच्या गॅसला धंद्याच्या गॅससारखा १८. मूळ दरही निराळा. गॅसचे भाव महिन्या-महिन्याला बदलतात म्हणून आम्ही इथे छापत नाही, पण भागाकार प्रत्येकाने स्वतः करावा. मोठ्या टाकीच्या भरण्याच्या किमतीला १४.२ ने भागा, छोटीच्या किमतीला ५ ने भागा. किलोचा दर समोर येईल. समजा किलोमागे दहाच रुपयांचा फरक निघाला आणि घरात महिन्याला पाच किलो गॅस जळला, तर ५० रुपये जादा गेले. तिकडे अनामतीचे भाडे आठ रुपये. ज्याला अनामतीची टाकी मिळू शकते त्याने कायमच्या वापराला विकतची घेणे म्हणजे आठ वाचवायला पन्नास घालवणे.

इथे कोणी विचारील, मग जगात लोक टाकी विकत घेतातच कशाला? त्याचे उत्तर अमेरिकेत सापडते. तिकडे गावाबाहेरच्या शेतघरांना नळाचा गॅस नसतो. अंगणात मोठी आडवी लोखंडी टाकी बसवलेली असते. त्यांच्या मापाने ५०० गॅलनची, म्हणजे सुमारे १,९०० लिटरची टाकी नेहमीची. प्रोपेनचा टँकर येऊन ती जागेवरच भरून जातो. टाकी कंपनीकडून भाड्याने असेल तर भरायचा हक्क फक्त त्याच कंपनीचा. दुसरा वितरक स्वस्त देत असला तरी त्याला हात लावता येत नाही. वर काही कंपन्या वर्षाचे भाडे घेतात, काही वर्षाला अमुक गॅस घेतलाच पाहिजे अशी अट घालतात. म्हणून तिकडचा शेतकरी विचार करतो की टाकी स्वतःची केली तर चार ठिकाणी भाव विचारून स्वस्तात भरता येईल. बदल्यात झडप, रंग, गंज, दुरुस्ती सगळे त्याच्या गळ्यात. म्हणजे मालकीचा खरा फायदा आहे तो विकणारा निवडण्याच्या मोकळिकीचा. आपल्याकडे घरगुती गॅसचा दर तिन्ही सरकारी कंपन्यांचा एकाच गावात जवळपास सारखाच असतो. भाव पाडून मागायची सोयच नाही, तर ती मोकळीक विकत घेऊन करायचे काय? तिकडचा हिशेब जसाच्या तसा इकडे लावू नये तो यासाठी. एजन्सीची सेवाच वाईट असेल तर जोडणी दुसऱ्या एजन्सीकडे वळवून घेण्याची सोय आहे, त्यासाठी टाकी मालकीची असावी लागत नाही.

आता त्या आठ-चौदा रुपयांत काय मिळते ते. टाकीच्या डोक्याजवळ, कडे ज्या तीन पट्ट्यांवर उभे असते, त्यातल्या एका पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए, बी, सी, डी ही वर्षाची चार तिमाह्या : ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. 'सी २८' लिहिले असेल तर २०२८ च्या सप्टेंबरपर्यंत ती टाकी वापरायला चालते. त्याआधी तिची दाबाची तपासणी झाली पाहिजे. ही तपासणी, झडप बदलणे, पोचा आलेली किंवा गंजलेली टाकी बाद करणे हे सारे कंपनी आपल्या खर्चाने करते, कारण टाकी तिची आहे. आपल्याकडे तारीख उलटलेली टाकी आली तर उतरवून घेऊ नये, गाडीवाल्याला तिथेच परत द्यावी.

दुसऱ्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन असते. त्यात १४.२ मिळवले की भरल्या टाकीचे वजन आले. साधारण तीस किलोच्या घरात जाते. ऊस काट्यावर गेला की आपण डोळ्यांत तेल घालून काटा बघतो, पावती तपासतो. गॅसच्या टाकीला मात्र कोणी काटा मागत नाही! वितरकाच्या माणसाने वजन करून दाखवले पाहिजे, मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. सील आणि झडपेतले रबरी वायसर हेही त्याच्यासमोरच बघून घ्यावे.

जिथे मालक कंपनी नाही आणि खऱ्या अर्थाने कोणीच नाही अशी एक तिसरी टाकी बाजारात फिरते, तिच्याबद्दल कडक शब्दांत सांगणे भाग आहे. आठवडे बाजारात बिनछापाच्या लहान टाक्या मिळतात. वर बर्नर बसवलेला असतो. गावात कोणीतरी घरगुती टाकी उलटी करून नळीने यांत गॅस भरून देतो, किलोवर पैसे घेतो. ही टाकी अगदी 'मालकीची' असते, पण तपासणी कोण करणार? कंपनीच्या टाकीत गॅस भरताना वर साधारण पाचवा हिस्सा जागा मोकळी सोडतात, कारण उन्हाने आतला पातळ गॅस फुगतो. नळीने भरणारा ना वजन करतो ना जागा सोडतो. काठोकाठ भरलेली टाकी चैत्र-वैशाखाच्या उन्हात पत्र्याच्या खोपटात ठेवली की पुढचे सांगायला नको. एका टाकीतून दुसरीत गॅस काढणे २००० सालच्या केंद्राच्या आदेशान्वये गुन्हाही आहे. पण गुन्ह्याचे सोडा, जीव जातो.

कागदांचा प्रश्न यापेक्षा जास्त घरांत अडलेला आहे. जोडणीचे व्हाउचर वडिलांच्या नावाने, वडील जाऊन काही वर्षे झाली, दोघे-तिघे भाऊ विभक्त झाले, आणि टाकी धाकट्याच्या वस्तीवर जळते आहे. चालते तोवर चालते. अपघात झाला म्हणजे मग नोंद कोणाची, पत्ता कोणता, हे प्रश्न उभे राहतात. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघाताचा विमा उतरवलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता आपण भरत नाही. पण तो नोंदलेल्या ग्राहकासाठी आहे, आणि मालमत्तेच्या नुकसानीला नोंदलेला पत्ता बघतात. तेव्हा मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि आपले आधार कार्ड घेऊन जोडणी एकाच्या नावावर करून घ्यावी. बाकीच्या भावांनी आपापल्या जोडण्या घ्याव्यात. व्हाउचर हरवले असेल तरी घाबरू नये, एजन्सीच्या नोंदीत ग्राहक क्रमांक असतो. प्रतिज्ञापत्र देऊन काम होते. आणि टाकी कायमची बंद करायची तर ती आणि रेग्युलेटर जमा करून अनामत घ्यावी. परस्पर विकू नये. दुसऱ्याची वस्तू विकण्यासारखे ते आहे.

दुसरी टाकी घ्यावी का, असेही विचारतात. गावठाणात गाडी आठवड्याला येत असेल तर गरज नाही. काळ्या रानातल्या वस्तीवर जिथे पावसाळ्यात रस्ता चिखलात जातो तिथे घ्यावीच. महिना साधारण तेरा रुपयांत मृगापासून पोळ्यापर्यंतची काळजी मिटते.

खऱ्या मालकीची टाकी हवी असेल तर ती गोठ्यामागे बांधता येते, ती गोबरगॅसची. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागते. चार-पाच जनावरे दावणीला असलेल्या घराला ते जमते. त्यातून रोज साधारण पाऊण ते एक किलो टाकीतल्या गॅसइतके काम निघते, थंडीत कमी, आणि मळी उसाला जाते ती वेगळीच. पण गावोगाव गंजून वाकडे झालेले लोखंडी ड्रमही आपण पाहतो. मालकी म्हटली की दर वर्षी ड्रमला रंग देणे आले, ते ज्याला होणार नाही त्याने हौस करू नये.

आता राहिला गळीत हंगाम. टोळ्या आल्या की कारखान्याच्या तळावर आणि आपल्या बांधावर कोप्या उभ्या राहतात. ऊसतोड मजुरांपैकी अनेकांची जोडणी गावाकडे असते, इथे सहा महिने चुलीला पाचट नाहीतर सरपण. काही मुकादम बाजारातल्या त्या बिनछापाच्या टाक्या आणून देतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाला, पत्त्याचा दाखला नसलेल्या कुटुंबाला, विकतची छोटी कंपनीची टाकी हाच योग्य मार्ग आहे. इथे किलोमागचे जादा पैसे देणे परवडते, कारण अनामतीची टाकी त्यांना इथल्या पत्त्यावर सहजी मिळत नाही. ज्या कुटुंबाकडे कुठेच जोडणी नाही त्यांच्यासाठी उज्ज्वला योजनेत ऑगस्ट २०२१ पासून स्थलांतरित कुटुंबांना रेशनकार्ड व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणा चालते, आणि अनामत भरावी लागत नाही. नवीन जोडण्या सुरू आहेत का हे मुकादमाने नव्हे, तर ज्याच्या रानात टोळी आहे त्या सभासदाने एजन्सीत विचारून द्यावे. अर्ज घरातल्या बाईच्या नावाने असतो.

टाकी कोणतीही असो, पाचटाच्या कोपीत शेगडी पेटवू देऊ नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की वर उडून न जाता जमिनीलगत साचतो, आणि कोपीत माणसे झोपतात तीही जमिनीवरच. शेगडी कोपीबाहेर आडोशाला, दगड-विटांच्या ओट्यावर. टाकी खाली, उभी, शेगडीपासून दूर. रात्री रेग्युलेटर बंद. नळी आयएसआय छापाची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी, उंदराने कुरतडली तर त्याच दिवशी. गॅसचा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटण चालू-बंद करू नये, टाकी उचलता येत असेल तर मोकळ्या रानात न्यावी, आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक रात्री-अपरात्रीही चालतो. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला तो लिहून द्यावा.