समुद्रांतील कोळंबीचें मुद्दल व व्याज

समुद्रांत कोणी बीं पेरीत नाहीं. म्हणून कोळंबी कितीही काढिली तरी सरणार नाहीं, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नव्हे. कोळंबीचें आयुष्य बहुधा एक-दोन वर्षांचें असतें. पुष्कळ जातींचीं पिलें खाडींत वाढून मग समुद्रांत जातात. तीं लहानपणींच जाळ्यांत सांपडलीं, तर पुढें वाढणारें वजनही बुडतें व बियाणेंही बुडतें.

साठा अजमावतांना केवळ बंदरावर उतरलेल्या एकूण मालाकडे पाहूं नये. समजा, एका गांवच्या ट्रॉलरांनीं एका हंगामांत १०,००० तास जाळें ओढून १,००,००० किलो कोळंबी आणिली. कांहीं वर्षांनीं त्यांनीं २०,००० तास ओढून १,१०,००० किलो आणिली. माल वाढला; पण तासाचें उत्पन्न १० किलोंवरून साडेपांच किलोंवर आलें. म्हणजे विहिरीचा झरा आटत असतां पंप अधिक वेळ चालवून पाट भरता ठेवण्यासारखेंच हें झालें. इंजिन वा जाळें मोठें केलें असल्यास खरी घट याहूनही अधिक समजावी. शिवाय एका किलोंत किती नग बसतात तें पाहावें. नग वाढत गेल्यास पिलेंच धरलीं जात आहेत, असें ओळखावें. पाऊसमानाप्रमाणें कोळंबी कमीअधिक होते, म्हणून एका वर्षावरून मात्र निर्णय करूं नये.

उपाय काय, हें उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर दिसून येतें. तेथें १९८० च्या सुमारास जवळजवळ ३०० ट्रॉलर होते. सरकारनें परवाने विकत घेऊन २००७ पर्यंत ते ५२ वर आणिले व हंगामही बांधून दिले. माल किती निघाला यापेक्षां खर्च वजा जातां नफा किती राहिला, हें तेथें मुख्य मानितात.

महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ही पड हितावह आहे. परंतु ऑगस्टांत अधिक नौका व बारीक आसाचीं जाळीं उतरलीं, तर पडीचा लाभ थोड्याच आठवड्यांत संपतो. म्हणून बंदीबरोबर नौकांच्या संख्येस मर्यादा व जाळ्यास मोठा आस हवा.

ज्या वाचकांच्या जमिनी खाडीकांठीं आहेत, त्यांनीं तिवरें तोडूं नयेत व फवारणीचीं औषधें पाण्यांत जाऊं देऊं नयेत, अशी आमची विनंती आहे. कोळंबीचें रोप तेथेंच वाढतें. आणि व्याजावर निर्वाह करणाऱ्यानें मुद्दलास हात लावूं नये, हें शेतकऱ्यास निराळें सांगणें नको.