चाक तुटलं, बॅग उशिरा आली. विमान कंपनी काय देणं लागते?

प्रश्न : भाचीच्या लग्नासाठी दिल्लीहून विमानाने पुण्याला आले. पट्ट्यावरच्या बॅगा एकेकाने उचलल्या, शेवटी दोरीने बांधलेलं कोणाचं तरी खोकं तेवढं फिरत राहिलं. माझी बॅग आलीच नाही. दोन दिवसांनी घरपोच आली, ती एक चाक गमावून आणि कोपरा फुटून. तोवर लग्न उरकलं होतं; मी वहिनीची पैठणी नेसून वेळ निभावली. कंपनीचा माणूस म्हणतो, चाकाची जबाबदारी आमची नाही, आणि भरपाई मिळालीच तर किलोच्या हिशेबाने. हे खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : चाकाचं म्हणणं बहुतांशी खोटं, आणि किलोचं म्हणणं बरंच जुनं. पैठणीचा प्रश्न मात्र थोडा अवघड आहे, त्याकडे शेवटी येऊ.

आधी जबाबदारी कुठून सुरू होते ते पाहू. एसटीत ‘प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी’ अशी पाटी असते, ती आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की विमानातही तोच न्याय चालत असेल असं वाटतं. केबिनमध्ये सोबत नेलेल्या पिशवीपुरतं ते बरंचसं खरंही आहे : तिथे कंपनीची चूक दाखवावी लागते. पण काउंटरवर तुम्ही बॅग दिलीत, तिला पट्टी चिकटली आणि ती आत सरकली, की ती कंपनीच्या ताब्यात जाते. तुमच्या हाती परत येईपर्यंत ती फुटली, हरवली किंवा तिच्यातून काही गेलं, तर कोणी हमालाने आपटली की ट्रॉलीवरून पडली हे सिद्ध करण्याचं काम तुमचं नाही. ताबा त्यांचा, म्हणून जबाबदारी त्यांची.

यातून सुटायला कायद्याने कंपनीला एक वाट ठेवली आहे : नुकसान सामानाच्याच अंगभूत दोषामुळे झालं असेल तर. बरणीचं झाकण सैल होतं आणि लोणच्याचं तेल साड्यांवर सांडलं, तर कंपनीला दोष देता येणार नाही. वापराने पडणारे ओरखडेही कोणी भरून देत नाही. पण ‘चाकं, हँडल, चेन आमच्या जबाबदारीत येत नाहीत’ असं सरसकट छापून मोकळं होता येत नाही, कारण कायद्याने घातलेली जबाबदारी टाळणारी तिकिटावरची अट मुळातच रद्दबातल ठरते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१५ मध्ये नेमक्या याच सबबीवरून विमान कंपन्यांचे कान उपटले होते.

आता किलोचा हिशेब. तो त्या माणसाने मनाने काढलेला नाही. १९२९ च्या वॉर्सा करारात सामानाची भरपाई वजनावर ठरायची, म्हणजे रद्दी असो की रेशीम, भाव एकच. १९९९ च्या माँट्रियल कराराने ही पद्धत बदलून माणशी कमाल मर्यादा आणली. भारताने तो करार २००९ मध्ये स्वीकारला आणि त्यासाठी १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात दुरुस्ती केली. देशांतर्गत प्रवासासाठी २०१४ च्या अधिसूचनेने ही मर्यादा माणशी २०,००० रुपये ठरली. किलोमागे ३५० रुपयांचा दर आजही आहे, पण तो मालवाहतुकीसाठी. तुम्ही प्रवासी होतात, पार्सल नव्हे.

मात्र २०,००० हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. ती कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नाही; नुकसान ३,००० चं असेल तर ३,०००च मिळतील. शिवाय मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही. परदेश प्रवासात ती नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या एककात मोजतात. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर झाली, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपये. यातली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही : लंडन–दिल्ली–पुणे असं सलग एकच तिकीट असेल, तर दिल्ली–पुणे हा टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासातच धरतात, आणि बॅग तिथे हरवली तरी मर्यादा मोठीच लागू होते.

उशिराचं गणित वेगळं. उशीर टाळण्यासाठी शक्य ते सगळं केलं, हे कंपनीने दाखवून दिलं तर ती सुटते. दाखवता आलं नाही, तर उशिरामुळे झालेला खर्च तिने द्यायचा. इथे तुमची पैठणी आडवी येते. मागून आणलेल्या साडीचं बिल नसतं. पण त्या दोन दिवसांत घेतलेल्या चपला, परकर, रक्तदाबाच्या गोळ्या यांच्या पावत्या असतील तर त्या जपून ठेवा. साडी वेळेवर न मिळाल्याची हळहळ ही मनस्तापात मोडते. त्याची भरपाई मागायची जागा ग्राहक आयोग.

त्याआधी कॅलेंडर पाहा. फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हाती आल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. बॅग २१ दिवसांतही आली नाही, तर ती हरवलीच असं धरून भरपाई मागता येते. विमानतळावर पट्ट्याजवळच्या काउंटरवर फॉर्म भरला म्हणजे काम झालं, असा एक समज आहे. तो फॉर्म बॅग सापडावी म्हणून असतो. बॅग आल्यावर तिचं चाक नाही, हे त्यात कुठून असणार? म्हणून वेगळी ई-मेल पाठवा. सोबत बॅगेच्या पट्टीची पावती, बोर्डिंग पास आणि फुटलेल्या कोपऱ्याचा फोटो जोडा. बॅग काही न बोलता ठेवून घेतली, तर ती सुस्थितीत मिळाली असंच कायदा प्रथमदर्शनी मानतो. तुमचं पत्र पोचलं तेव्हा चौथा दिवस होता आणि अंक छापून येईपर्यंत सातवा उलटला असता, म्हणून एवढं फोनवर आधीच कळवलं होतं.

कंपनीने दाद दिली नाही तर नागरी उड्डाण मंत्रालयाचं ‘एअरसेवा’ संकेतस्थळ आहे, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथेही हात हलवत परतावं लागलं, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. त्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे सांगलीतच, तक्रार दाखल होते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि दिल्ली–पुण्याचं तिकीट अजून तरी तेवढं महागलेलं नाही.