पुतण्याचा प्रोग्राम पडतो कशानं?

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी कौतुकानं सांगितलं, की चाकणला नोकरीला लागलेल्या पुतण्यानं तपासणी-यंत्राचा प्रोग्राम असा बसवलाय, की क्रॅश झाला तरी आपोआप पुन्हा सुरू होतो. साहेबही खूश आहेत म्हणे. काकांना जेवण गोड लागलं नाही. उर्स्याला घरी पोहोचल्यावर त्यांनी पत्रच लिहायला घेतलं.

'चि. बाळास, अनेक आशीर्वाद. प्रोग्राम उठवतोस हे कळलं. तो पडतो कशानं, हे शोधलंस का?'

पत्रभर हाच प्रश्न डोकं वर काढतो. प्रोग्राम मूळचा सी भाषेतला. मोजमापांचा हिशेब सहज बदलता यावा म्हणून त्यात पायथनचा इंटरप्रिटर बसवलेला. यात जगावेगळं काही नाही. ब्लेंडर आणि विममध्ये पायथन आहे, आणि सीमधल्या चुका शोधणाऱ्या जीडीबीतही २००९ च्या ७.० आवृत्तीपासून आहे. उलट्या बाजूनं पाहिलं तर मुंबई आयआयटीतले प्रा. प्रभू रामचंद्रन यांचं 'मायावी' हे पायथनमधलं चित्रणाचं साधन सी++ मधल्या व्हीटीकेवर उभं आहे. दोन भाषांची सांगड उत्तम चालते. बिघडते ती बहुधा जोडावर.

इंटरप्रिटर सुरू होतानाच 'एन्कोडिंग्ज मॉड्यूल सापडत नाही' म्हणून बसला, तर त्याला स्वतःची लायब्ररी सापडलेली नसते. एकाच यंत्रावर दोन पायथन असले किंवा पायथनहोम चुकीचं असलं, की हे होतं. २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून पायकॉन्फिग वापरून हा मार्ग प्रोग्राममध्येच नेमून देता येतो. लिंक करतानाही तेव्हापासून पायथनथ्री-कॉन्फिगला 'एम्बेड' पर्याय द्यावा लागतो. जुनी मेकफाइल उचलली की अनडिफाइन्ड रेफरन्सच्या ओळींनी पडदा भरतो. असल्या चुकांची काकांना भीती वाटत नाही. त्या निदान तोंडावर सांगतात.

भीती आहे ती गुपचूप बसणाऱ्या चुकांची. पायलिस्ट-गेटआयटमनं दिलेला संदर्भ उसना असतो, त्यावर पाय-डेकरेफ चालवायचं नाही. पायऑब्जेक्ट-कॉलऑब्जेक्टनं दिलेला मात्र आपल्या मालकीचा, तो काम झाल्यावर सोडायलाच हवा. नाहीतर मेमरी चढत राहते. उसन्यावर डेकरेफ केलं तर ती वस्तू वेळेआधी मोडीत निघते, पण प्रोग्राम तिथं पडेलच असं नाही. बऱ्याच वेळानं, भलत्याच ओळीवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो. 'अशा वेळी नुसतं पुन्हा सुरू केलंस, की पुरावा गेला,' काका लिहितात. 'पडतो कशानं, ते सांग मला.'

सेन्सर वाचणारा थ्रेड वेगळा असेल, तर पायथनला हात लावण्याआधी पायजिलस्टेट-एन्शुअर आणि काम झालं की रिलीज. मुख्य थ्रेडनं पायइव्हल-सेव्हथ्रेड वापरून पायथनचं कुलूप, म्हणजे जीआयएल, सोडलं नसेल, तर दुसरा थ्रेड ताटकळतच राहणार. आणि कॉलमधून एरर म्हणून नल परत आलं, की आधी पायएरर-प्रिंट.

इथं पत्राचा सूर बदलतो. काकाही तरुणपणी एका कारखान्यात सीमध्ये प्रोग्राम लिहीत. ऑडिटच्या आदल्या रात्री त्यांनी एरर तपासणारी ओळच काढून टाकली होती. आकडे चुकले, ठपका ऑपरेटरवर आला, आणि काका गप्प बसले. 'त्याचं घर मला ठाऊक होतं. गेलो नाही.' याहून जास्त त्यांनी लिहिलेलं नाही.

मग राग ओसरतो. 'फार बोललो असेन. तुझी हुशारी मला ठाऊक आहे. लाइन बंद असेल त्या दिवशी ती उठवणारी स्क्रिप्ट काढ आणि प्रोग्राम पडू दे. त्याआधी फॉल्टहँडलर चालू कर, ३.३ पासून तो पायथनसोबतच येतो. कोअर फाइल मिळाली तर जीडीबीत उघडून बीटी मार. साहेबांना सांगायची भीती वाटत असेल तर आधी मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. काकू म्हणते, लग्नात फारच वाळलेला दिसलास. तळेगाव-चाकण रस्त्यानं रात्री गाडी सावकाश आण. शनिवारी खोलीवर न जाता इकडेच ये, लॅपटॉप घेऊन. जेवून घेऊ, मग दोघं मिळून बघू.'